एसाउइरा : वाऱ्याच्या कलानं पाच दिवस

मोरोक्कोतल्या एसाउइरा या समुद्रकाठच्या गावाहून परतणाऱ्यांकडून एक तक्रार हमखास ऐकू येते: किनारा देखणा आहे, पण तिथे बसवत नाही. दुपारी बाराच्या पुढे उत्तरेकडून वारा सुटतो, वाळू पोटऱ्यांना सुयांसारखी टोचते आणि चटई, टोपी, छत्री काहीच जागेवर राहत नाही. तक्रार खरी आहे, पण टाळता येते. सकाळ समुद्राकडे आणि दुपार गावाच्या तटबंदीच्या आत घालवली की हे गाव फार सुखाचं आहे. खालचा पाच दिवसांचा बेत याच हिशेबानं आखला आहे.

वारा असा का, हे आधी समजून घेतलेलं बरं. मोरोक्कोच्या अटलांटिक किनाऱ्यावर एप्रिल ते सप्टेंबर ईशान्य व्यापारी वारे सतत वाहतात. इथले लोक त्यांना फ्रेंच नावानं ‘अलिझे’ म्हणतात. त्यात भर पडते ती आतल्या प्रदेशाच्या उष्णतेची. मराकेशकडची जमीन दुपारी तापली की तिथली हवा वर जाते आणि समुद्रावरची हवा तिची जागा घ्यायला धावते. हाच वारा किनाऱ्यालगतचं वरचं पाणी बाहेर ढकलतो, मग तळाचं गार, पोषक पाणी वर येतं. म्हणून मराकेशात पारा चाळिशीपार असताना इथे बावीस-पंचविसातच असतो, काही सकाळी धुकं पडतं आणि बंदरात तारलीचे ढीग लागतात. उन्हात पडून राहणारे पर्यटक दक्षिणेला अगादिरला जातात. एसाउइरा निवांत राहिलं, त्याला हे एक मोठं कारण.

निघण्यापूर्वी

भारतीय पासपोर्टवर मोरोक्कोचा व्हिसा लागतो. मोरोक्को सरकारचं ई-व्हिसाचं संकेतस्थळ आहे. आपण कोणत्या गटात बसतो आणि कोणते कागद लागतात ते तिथेच तपासा, कारण नियम बदलत असतात. मुंबईहून सोयीचा मार्ग म्हणजे दुबई, अबूधाबी किंवा दोहा इथे विमान बदलून कासाब्लांका. तिथून रेल्वेनं मराकेश आणि पुढे बस. एसाउइराला स्वतःचा छोटा विमानतळ आहे, पण तिथली विमानं मुख्यतः युरोपातली. लंडन-पॅरिसकडे राहणाऱ्या मराठी मंडळींना मात्र तो उपयोगी पडतो.

मोरोक्कोचा दिरहम भारतात सहज मिळत नाही. युरो न्या, विमानतळावर थोडेच बदला आणि बाकी मराकेशात किंवा एसाउइरात. एका युरोला साधारण १० ते ११ दिरहम, म्हणजे एक दिरहम आठ ते दहा रुपयांच्या घरात. गावात एटीएम आहेत, पण सणाच्या किंवा महोत्सवाच्या शनिवार-रविवारी ती रिकामी होतात. मासळीबाजार, हमाम, ढकलगाडीवाले, छोट्या खाणावळी इथे फक्त रोख चालते. सुट्टे २० दिरहम जवळ असलेच पाहिजेत.

मोरोक्कोचं घड्याळ भारताच्या साडेचार तास मागे असतं. रमजानच्या महिन्यात ते आणखी एक तास मागे करतात, तेव्हा फरक साडेपाच तासांचा होतो. त्या महिन्यात दिवसा बऱ्याच खाणावळी बंद असतात आणि बसच्या वेळाही बदलतात. पहिल्याच भेटीसाठी रमजान टाळावा असं आम्ही सांगू. वारा नको असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा मार्च, आणि काइटसर्फिंगच (मोठ्या पतंगाच्या ओढीनं फळीवर उभं राहून पाण्यावरून घसरण्याचा खेळ) करायचं असेल तर मे ते ऑगस्ट.

सामानात वारा अडवणारं जाकीट हवंच, अगदी जुलैतही. टोपीला हनुवटीखाली बांधायची दोरी हवी. छत्री घरी ठेवा. कॉन्टॅक्ट लेन्स लावणाऱ्यांनी चष्मा जवळ ठेवावा. कॅमेऱ्याची लेन्स किनाऱ्यावर कधीही बदलू नये. एक कण आत गेला की पुढचे सगळे फोटो डागाळतात.

पहिला दिवस : मराकेश ते एसाउइरा, संध्याकाळी तट

अंतर साधारण १९० किलोमीटर, बसला तीन तास लागतात. सुप्रातूर आणि सीटीएम या दोन कंपन्यांच्या बसगाड्या भरवशाच्या. सुप्रातूरची बस मराकेश रेल्वे स्थानकाच्या शेजारून सुटते, म्हणून कासाब्लांकाहून गाडीनं येणाऱ्यांना तीच बरी. तिकीट १०० दिरहमच्या आसपास, डिकीतल्या सामानाचे पाच-दहा दिरहम वेगळे. आदल्या दिवशी आरक्षण करा. शुक्रवार-रविवारी आणि जूनमध्ये आयत्या वेळी जागा मिळत नाही. सकाळची बस घेतली तर दुपारी खोलीत पोहोचता येतं.

वाटेत आर्गनची, म्हणजे ज्यांच्या बियांचं तेल काढतात ती, झाडं सुरू झाली की रस्त्याकडेला एखाद्या झाडावर सात-आठ शेळ्या चढून उभ्या दिसतात. खासगी गाडीचे चालक तिथे हमखास थांबतात. आर्गनची फळं खायला शेळ्या झाडावर चढतात हे खरंच आहे, पण रस्त्याकडेचा देखावा बहुतेक वेळा पर्यटकांसाठी मांडलेला असतो. शेळ्यांना सकाळी फांद्यांवर चढवतात, काहींना बांधूनही ठेवतात, आणि फोटोचे पैसे मागतात. थांबू नका. फळांच्या मोसमात, म्हणजे उन्हाळ्यात, आतल्या रस्त्यांवर आपणहून चढलेल्या शेळ्या दिसू शकतात. त्या पान खातात, फांदी बदलतात, उतरतात. फरक लगेच कळतो.

बस तटबंदीच्या बाहेर थांबते. मेदिनेत, म्हणजे तटाच्या आतल्या जुन्या गावात, मोटारींना बंदी आहे. दरवाजापाशी निळ्या-हिरव्या ढकलगाड्या घेऊन माणसं उभी असतात. सामान मुक्कामापर्यंत न्यायला २० ते ३० दिरहम पुरतात, मात्र आधी ठरवून घ्या. राहायच्या घराचं नाव आणि जवळची खूण फोनमध्ये लिहून ठेवा, कारण गल्ल्यांच्या आतल्या बोळांना पाट्या नसतात.

खोली घेताना तीन गोष्टी विचारा. खोलीची खिडकी बाहेर उघडते की फक्त आतल्या चौकात? समुद्राच्या दमटपणानं तळमजल्यावरच्या बंद खोल्यांत बुरशीचा वास येतो, म्हणून वरचा मजला घ्यावा. हिवाळ्यात हीटर आहे का? घरं जाड दगडी भिंतींची आहेत, डिसेंबरच्या रात्री आत बाहेरपेक्षा गार लागतं. आणि गच्ची आडोशाची आहे का, की उघडी? उघड्या गच्चीवर सकाळचा चहाही पिता येत नाही.

संध्याकाळी ‘स्काला द ला व्हील’ या समुद्राकडच्या तटावर जा. उत्तरेकडचा गोल बुरूज आणि त्यापुढे तोफांची ओळ. तोफा ओतीव काशाच्या, युरोपातून आलेल्या; बऱ्याच जणींवर स्पेनची राजमुद्रा आणि ओतल्याचं साल नीट वाचता येतं. सूर्य थेट समुद्रात बुडताना दिसतो. सूर्यास्तानंतर वाऱ्याचा जोर ओसरतो, मग ‘मौले हसन’ या चौकात पुदिन्याचा चहा घेऊन बसायला हरकत नाही.

दुसरा दिवस : बंदर आणि मासळी

सकाळी आठ-साडेआठला बंदरात पोहोचा. दक्षिण टोकाच्या दगडी दर्यादरवाजातून जायचं. त्यावर हिजरी ११८४ चा, म्हणजे इसवी १७७०-७१ चा शिलालेख आहे. शेजारचा बंदराचा बुरूज, ‘स्काला द्यू पोर’, तिकीट काढून पाहता येतो. दोन चौकोनी मनोऱ्यांमधून पांढरं गाव, बेटं आणि सीगलांचे थवे एकाच चौकटीत येतात. काही वाटाडे हा बुरूज ‘पोर्तुगीज’ म्हणून दाखवतात. ते चूक आहे. पोर्तुगीजांनी इथे १५०६ मध्ये एक किल्ला बांधला होता खरा, पण १५१० मध्येच तो स्थानिकांनी त्यांच्याकडून घेतला. त्याच वर्षी आल्बुकर्कनं गोवा जिंकलं, म्हणजे एकाच राजाच्या राज्यात एका टोकाला किल्ला गेला आणि दुसऱ्या टोकाला बेट आलं. आज दिसणारं बंदर, तट आणि रस्ते अडीचशे वर्षं नंतरचे, सुलतान सिदी मोहम्मद बिन अब्दल्ला याच्या काळातले.

धक्क्यावर छोट्या निळ्या होड्या एकमेकींना खेटून बांधलेल्या असतात आणि आत मोठे लाकडी मचवे. पाण्याबाहेर काढलेल्या मचव्यांवर सुतारकाम चालू असतं. जवळ उभं राहून बघण्यासारखं आहे: फासळ्या एकेक करून कण्याला जोडलेल्या, त्यांवर फळ्या, आणि दोन फळ्यांमधल्या फटीत दोऱ्याचे पेळ छिन्नी-हातोड्यानं ठासून वर लुकण भरलेलं. ज्यांनी मालवण-वेंगुर्ल्याकडे होड्या बांधताना पाहिल्या आहेत, त्यांचा इथे तास सहज जाईल. कामगारांचे फोटो विचारूनच काढा. जमीन ओली, माशांच्या तेलानं निसरडी असते, म्हणून सपाट तळव्याच्या चपला नकोत.

खायचं कुठे, याची दोन उत्तरं आहेत आणि दुसरं चांगलं आहे. पहिलं म्हणजे बंदराजवळच्या टपऱ्या-हॉटेलांत, फळकुटावर मांडलेल्या मासळीपुढे उभं राहून. तिथे आवाज देऊन बोलावतात, आणि घोळ भावात होतो. पाटीवरचा आकडा १०० ग्रॅमचा आहे की किलोचा, हे न विचारता शेवंड मागितली तर बिल अंगावर येतं. दुसरं म्हणजे मेदिनेच्या मधोमध, सूक जदीद या बाजारपेठेच्या कमानीआडचा मासळीबाजार. तिथे आपण मासा घ्यायचा आणि शेजारच्या भट्टीवर भाजून घ्यायचा.

पद्धत अशी. साधारण अकरा ते एकच्या दरम्यान जा. आदले दोन दिवस समुद्र खवळलेला असेल तर बोटी बाहेर पडलेल्या नसतात. मग बाजारात शिळी मासळी जास्त, अशा दिवशी बेत पुढे ढकला. डोळे फुगीर, कल्ले लाल, हे तर आपल्याला ठाऊकच आहे. तारली घेताना पोट बघा. हा मासा सगळ्यात आधी पोटाशी फुटतो, म्हणून पोट घट्ट असलेलीच घ्या. दोघांना अर्धा-पाऊण किलो तारली आणि एखादा मोठा मासा किंवा थोडा माकूल पुरे. वजन होण्याआधी किलोचा भाव विचारा: ‘शहाल?’ म्हणजे केवढ्याला. विक्रेता साफ करून देतो, त्याला दोन-चार दिरहम द्यायची रीत आहे. मग भट्टीवाल्याकडे जा. भाजणावळ, कोशिंबीर, पाव आणि पेय मिळून एकूण किती, हे मासा त्याच्या हातात देण्याआधी ठरवा. भाजणावळीचा दर गर्दीप्रमाणे बदलतो, पण आधी ठरला की वाद होत नाही.

इथली तारली जाड मिठात भाजतात आणि वर लिंबू पिळतात. कधी शर्मूला लावून मागा: कोथिंबीर, पार्सली, लसूण, जिरं, गोड लाल मिरचीची पूड, लिंबू आणि तेल यांचं वाटण. दोन तारल्या उकलून, काटा काढून, मध्ये शर्मूला भरून, पिठात घोळवून तळतात, तो प्रकार तर चुकवूच नये. उघड्यावर खाताना ताटाकडे पाठ करू नका. सीगल झडप घालून मासा पळवतात.

शाकाहारी मंडळींची आबाळ होत नाही, पण विचारून खावं. हरीरा हे टोमॅटो-डाळींचं सूप बऱ्याच ठिकाणी मांसाच्या पाण्यात करतात. लुबिया (पांढऱ्या शेंगदाण्याएवढ्या घेवड्याची उसळ), झालूक (वांगं-टोमॅटोचं भरीत), तक्तूका (भाजलेली भोपळी मिरची आणि टोमॅटो) आणि हिवाळ्यातल्या सकाळचं बिसारा, म्हणजे वाळलेल्या बाकल्याचं घट्ट सूप, हे सगळं सहज मिळतं. ‘ब्ला ल्हम, ब्ला हूत’ म्हणजे मांस नको, मासा नको. न्याहारीला मसेमन ही घडीची चौकोनी पोळी आणि बघरीर हा जाळीदार घावनासारखा प्रकार, मध-लोण्याबरोबर. शुक्रवारी दुपारी घरोघरी कुसकुस असतं. खाणावळींतही त्याच दिवशी ताजं मिळतं.

दुपारी वारा भरात असताना मेदिना हिंडा. इतर मोरोक्कन गावांत माणूस गल्ल्यांत हरवतो, इथे ते होत नाही. रस्ते सरळ, काटकोनात. एक मुख्य रस्ता बाब दुक्काला या उत्तरेकडच्या दरवाजापासून दक्षिणेला कसब्याकडे, म्हणजे जुन्या तटबंद सरकारी वस्तीकडे, उतरतो, आणि त्याच्या मध्यावर सूक जदीदच्या कमानी: एका बाजूला मासळी नि मसाले, दुसऱ्या बाजूला जुना धान्यबाजार आणि जुन्यापान्या वस्तूंचा चौक. सुलताननं १७६० च्या दशकात हे गाव आखून घेतलं, तेव्हा थिओडोर कॉर्न्यू या फ्रेंच वास्तुकारानं त्याचा आराखडा केला. अगादिरचं बंदर मोडून सगळा परदेशी व्यापार एकाच, आपल्या देखरेखीखालच्या बंदरात आणायचा, हा सुलतानाचा हेतू होता. सहारापलीकडच्या तिंबक्तूकडून येणाऱ्या तांड्यांचं सोनं, शहामृगाची पिसं आणि गुलाम इथे पोहोचत, आणि युरोपातून कापड व चहा उतरे. युरोपीय त्या काळी गावाला मोगादोर म्हणत. ऑगस्ट १८४४ मध्ये फ्रेंच आरमारानं तोफांचा मारा करून ते उद्ध्वस्त केलं, पण ते पुन्हा उभं राहिलं. पुढे कासाब्लांकाचं खोल बंदर झालं आणि मोठी जहाजं इथे यायची थांबली. गाव जसंच्या तसं उरलं ते त्यामुळे. २००१ पासून ही मेदिना युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे.

तिसरा दिवस : मेल्लाह, थुया आणि हमाम

सकाळी कसब्यातलं बैत दाकिरा पाहा. जुन्या सिमोन आतिया सिनेगॉगची, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनागृहाची, दुरुस्ती करून तिथे गावच्या ज्यू इतिहासाचं केंद्र केलं आहे. १९व्या शतकात इथल्या वस्तीत ज्यूंचा वाटा फार मोठा होता. सुलतानाच्या वतीनं व्यापार करणारी श्रीमंत घराणी कसब्यात राहत आणि गरीब मंडळी उत्तरेकडच्या मेल्लाहमध्ये, म्हणजे ज्यूंच्या वेगळ्या मोहल्ल्यात. आज गावात ज्यू कुटुंबं जवळजवळ नाहीत. मेल्लाहचा मोठा भाग पडका आहे. समुद्राच्या लाटा आणि खारी हवा यांनी तिथल्या भिंती पोखरल्या. दरवाजांच्या चौकटींवर कोरलेला सहा टोकांचा तारा काही ठिकाणी अजून दिसतो. मोडकळीच्या घरांत शिरू नका. रब्बी हाइम पिंतो यांचं सिनेगॉग आवर्जून पाहावं, रखवालदाराला थोडी बक्षिसी द्यावी.

मशिदींत बिगरमुस्लिमांना प्रवेश नाही, दारातून डोकावूही नये. सिदी मोहम्मद बिन अब्दल्ला संग्रहालय लहान आहे. ग्नावांची वाद्यं आणि लाकूडकाम पाहायचं असेल तरच अर्धा तास काढा.

ग्नावा संगीताचं मात्र इथे खरं घर आहे. सहाराच्या दक्षिणेकडून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांच्या वंशजांची ही परंपरा. गावात त्यांचं स्थान म्हणजे झाविया सिदना बिलाल हा त्यांचा मठ. गिंब्री हे उंटाच्या कातड्यानं मढवलेलं तीन तारांचं वाद्य खर्जात वाजतं आणि वर करकब या लोखंडी चिपळ्यांचा अखंड ठेका. जूनमध्ये भरणारा ग्नावा महोत्सव १९९८ पासून चालू आहे आणि चौकातले बरेच कार्यक्रम फुकट असतात, पण त्या दिवसांत खोल्यांचे दर दुप्पट-तिप्पट होतात. शांतता हवी असेल तर त्या आठवड्यात येऊ नका. एरवी संध्याकाळी चौकात वाजवणारे दिसतात. ऐकायला थांबलात तर टोपीत पैसे टाका. गिंब्री विकत घ्यायची तर वाद्यं बनवणाऱ्याच्या कारखान्यातच घ्या. दुकानातल्या शोभेच्या गिंब्रीचं कातडं नीट ताणलेलं नसतं, ती सुरात राहत नाही.

दुपारी तटाखालच्या कमानींत जा. दारूगोळ्याच्या या जुन्या कोठारांत आता थुया लाकडाचे कारागीर बसतात. वास लांबूनच येतो, देवदारासारखा पण अधिक तिखट. खोडाचं लाकूड सरळ रेघांचं असतं. मुळाशी जी गाठ धरते तिच्यात गोल-गोल डोळे असतात, आणि महागडी वस्तू त्या गाठीची. कारागीर लिंबाच्या पिवळ्या लाकडाचे, काळ्या लाकडाचे आणि शिंपल्याचे तुकडे तासून खाचेत बसवतात. खाच नुसती रंगवलेली आहे की खरोखर जडवलेली, हे नखानं तपासा: जडावाच्या कडेला नख किंचित अडतं. जाड, चकचकीत वॉर्निश असेल तर खाली भेग बुजवलेली असू शकते. तेल-मेणाचा हलका हात दिलेली वस्तू घ्या. दमट एसाउइरातून कोरड्या पुण्या-संभाजीनगरला आणलेला डबा पहिल्या उन्हाळ्यात तडकू शकतो, म्हणून उन्हात ठेवू नका आणि वर्षातून दोनदा जवसाच्या तेलाचा बोळा फिरवा. गाठ काढायला झाड मुळासकट उपटावं लागतं आणि थुयाची जंगलं त्यामुळे विरळ होत आहेत. मोठं टेबल घेण्याऐवजी एक चांगली छोटी डबी घ्या, असं आमचं मत.

संध्याकाळी हमाम. वाऱ्यानं अंगावर मीठ-वाळूचा थर बसलेला असतोच. सार्वजनिक हमाममध्ये बायका-पुरुषांच्या वेळा किंवा दारं वेगळी असतात, चौकशी करून जा. प्रवेश १५-२० दिरहम, घासून देणाऱ्या व्यक्तीचे ५० ते १०० वेगळे. सोबत न्यायचं ते असं: ऑलिव्ह तेलाचा काळा मऊ साबण, किस्सा हा खरखरीत हातमोजा (दोन्ही बाजारात स्वस्त मिळतात), टॉवेल, रबरी चपला आणि कोरडी अंतर्वस्त्रं. आतली चड्डी अंगावरच ठेवायची. आधी सर्वांत गरम खोलीत दहा मिनिटं बसा, साबण चोळा, पाच-दहा मिनिटं मुरू द्या, धुवा, आणि मगच घासून घ्या. घाई केली तर त्वचा सोलवटते. उन्हानं भाजलेल्या अंगावर किस्सा लावू देऊ नका. बाहेर पडल्यावर वारा लागू न देता थेट खोलीवर.

चौथा दिवस : किनारा, दियाबात, बेटं

आदल्या रात्री भरती-ओहोटीच्या वेळा बघा. निघायची वेळ ओहोटीच्या तास-दीड तास आधीची आणि शक्यतो सकाळची. दक्षिणेला किनाऱ्यानं चालत गेलं की तीन-चार किलोमीटरांवर क्सोब नदीचं मुख आणि पाण्यात कोसळलेला बोर्ज अल-बारूद हा बुरूज लागतो. ओहोटीला त्याच्या पायथ्याशी जाता येतं. नदी उन्हाळ्यात घोटा-गुडघाभर असते. हिवाळ्यात पावसानंतर ती ओलांडू नका, पाणी गढूळ असतं आणि पायाखालची वाळू सरकते. पलीकडे वाळूच्या टेकड्यांत सुलतानाच्या महालाचे अवशेष आणि पुढे दियाबात हे छोटं गाव. अमेरिकन गिटारवादक जिमी हेंड्रिक्स १९६९ मध्ये एसाउइराला आला होता, त्यावर दियाबातची बरीच दुकानदारी चालते. भिंतींवर ज्या गोष्टी रंगवल्या आहेत त्यांतल्या फार थोड्या खऱ्या आहेत. परत येताना वारा तोंडावर येतो. अकराच्या आत मागे फिरा, नाहीतर दियाबातहून टॅक्सी करा.

नदीच्या मुखाशी दुर्बीण काढा. समोरच्या मोगादोरच्या बेटांवर एलिओनोरा ससाण्यांची मोठी वसाहत आहे. मादागास्करकडून येऊन ते एप्रिल ते ऑक्टोबर इथे राहतात. पिल्लं मुद्दाम उशिरा, उन्हाळ्याच्या शेवटी होतात, कारण तेव्हा युरोपातून दक्षिणेला जाणारे थकलेले छोटे पक्षी समुद्रावरून येतात आणि तेच पिल्लांचं खाद्य. संध्याकाळी ससाणे नदीकडे उडत येताना दिसतात. बेटांवर उतरायला परवानगी लागते. बंदरातून निघणाऱ्या बोटी फक्त फेरी मारून आणतात, ‘उतरवतो’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. याच बेटांवर प्राचीन मॉरेतानियाचा, म्हणजे या भागाचा, राजा दुसरा जुबा यानं गोगलगायींसारख्या म्युरेक्स शिंपल्यांपासून रोमसाठी जांभळा रंग काढवला होता.

पाण्यातल्या खेळांत लोक ऋतू चुकवतात. लाटांवरचं सर्फिंग शिकायचं तर ऑक्टोबर ते मार्च, सकाळी. ऑगस्टमध्ये आलात तर उपसागरात लाट बसकी आणि वाराच वारा. काइटसर्फिंगला मात्र तोच ऑगस्ट सोन्याचा. बेटांमुळे मोठ्या लाटा अडतात, तळ वाळूचा आहे आणि वारा किनाऱ्याला समांतर वाहतो, म्हणून शिकाऊ माणूस समुद्रात ओढला जात नाही. सर्फिंगचा दोन तासांचा गटवर्ग ३०० ते ४०० दिरहम. काइटसाठी निदान सहा तासांचा वर्ग घ्या. दोन तासांत पतंग जमिनीवर सांभाळण्यापलीकडे काही होत नाही. पाणी वर्षभर १६ ते २० अंशांत असतं, वेटसूट फाटका नको.

उंट-घोड्याची फेरी घ्यायची तर आधी जनावराची पाठ आणि नाक बघा. जखम दिसली तर पुढे व्हा. ठरवताना ‘माणशी की एकूण’ आणि ‘किती वेळ’ या दोन्ही गोष्टी बोलून घ्या. तासाला १५० ते २०० दिरहम हा सामान्य दर.

पाचवा दिवस : आर्गन, नाहीतर सिदी काऊकी

रविवार असेल तर ३० किलोमीटरांवरचा हद द्राचा आठवडी बाजार पाहून मग आर्गनकडे वळा. सकाळी नऊच्या आत पोहोचलात तरच गुरांचा बाजार दिसेल. गावातल्या निळ्या टॅक्सी हद्दीबाहेर जात नाहीत, मोठी ‘ग्रांद टॅक्सी’ ठरवावी लागते. अर्ध्या दिवसाचे एकूण पैसे, थांबे आणि थांबण्याचा वेळ निघण्याआधी नक्की करा.

आर्गन जगात रानटी अवस्थेत मुख्यतः नैर्ऋत्य मोरोक्कोतच वाढतं. हा पट्टा १९९८ मध्ये जैवावरण राखीव क्षेत्र झाला. तेल काढण्याची हातपद्धत बायकांची. वाळलेल्या फळाचा गर काढून तो जनावरांना घालतात. आतली बी दगडावर उभी धरून दुसऱ्या दगडानं नेमकी शिवणीवर ठोकायची. जरा चुकलं की बोट चेचतं किंवा मगज चुरतो. एका बीत एक ते तीन मगज. खायच्या तेलासाठी ते मंद भाजतात, अंगाला लावायच्या तेलासाठी कच्चेच ठेवतात. मग दगडी जात्यात दळून, त्या तपकिरी लगद्यात थोडं-थोडं कोमट पाणी घालून तेल सुटेपर्यंत मळत राहायचं. एका लिटरला ३० किलोच्या आसपास फळं लागतात. पाण्यानं मळलेलं तेल लवकर खवट होतं, म्हणून आता बहुतेक सहकारी संस्था फोडणं हातानं आणि पिळणं यंत्रानं करतात. त्यात फसवणूक नाही, टिकाऊपणा आहे. रबातच्या रसायनशास्त्रज्ञ झुबिदा शर्रूफ यांच्या पुढाकारानं १९९६ मध्ये तमनार इथे बायकांची पहिली आर्गन सहकारी संस्था निघाली, ती याच प्रांतात.

रस्त्यावर ‘सहकारी संस्था’ अशी पाटी लावलेली कित्येक नुसती दुकानं असतात. दारात चार बाया बी फोडताना बसवलेल्या आणि आत परफ्यूमपासून साबणापर्यंत सगळं. किती सभासद, फळं कुठून येतात, तेल कधी काढलं, हे विचारा. नेमकं उत्तर आलं तरच घ्या. बाटली गडद काचेची हवी. खायच्या तेलाला भाजल्याचा स्पष्ट वास, लावायच्याला जेमतेम. दोन्ही एकच म्हणून विकणाऱ्याकडे थांबू नका, आणि रस्त्याकडेला प्लास्टिकच्या बाटलीत मिळणारं स्वस्त तेल भेसळीचं समजा. बदाम, मध आणि आर्गन यांचा आमलू घरी नक्की न्या. बाटल्या नि बरण्या मोठ्या बॅगेत घाला, केबिनमध्ये अडवतात.

ज्यांना तेलात रस नाही त्यांनी २५ किलोमीटरांवर दक्षिणेला सिदी काऊकीला जावं. बाब दुक्कालाहून स्वस्त सिटी बस सुटते. परतीची शेवटची वेळ चालकाला विचारून घ्या. किनारा रुंद आणि रिकामा, वाळूच्या कडेला एका पीराचा पांढरा दर्गा. पोहू नका. ओढ जबरदस्त आहे आणि जीवरक्षक नेहमी असतोच असं नाही.

मराकेशची परतीची बस दुपारी चारच्या आधीची घ्या, म्हणजे अंधार पडायच्या सुमाराला मुक्कामी पोहोचता येतं. पैसे बदलल्याच्या पावत्या जपून ठेवा. दिरहम देशाबाहेर नेण्यावर मर्यादा आहे, आणि उरलेले परत युरोत बदलताना विमानतळावरच्या खिडकीवर त्या मागतात. सुरक्षा तपासणीनंतर अशी खिडकी सापडेलच याचा भरवसा नाही, तेव्हा बदलायचे ते आतल्या दारापाशी जाण्याआधीच बदला.